एक जूनचे गुरुजी

आमच्या गुरुजींना कोणी 'साधा भोळा माणूस' म्हटलं की माझं डोकं फिरतं. साधे होते, मान्य. पण भोळे? हट्टी होते, कटकटे होते, आणि एखादी गोष्ट बरोबर आहे असं एकदा मनाने घेतलं की समोर ब्रह्मदेव आला तरी त्याला खाली बसवून आपलंच म्हणणं ऐकवायचे. गेल्या वर्षी प्रवरेच्या काठी त्यांच्या दशक्रियेला भाषणं झाली. जो उठला तो त्यांच्या प्रामाणिकपणावर बोलला. मी बायकांच्या मागच्या रांगेत बसून दातओठ खात होते. त्या प्रामाणिकपणाची किंमत कोणी मोजली हे त्या भाषणवाल्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे, कारण फॉर्म मी भरले होते.

बेलापुरात बाजारपेठेत माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, पॅनकार्ड, जे म्हणाल ते. चौथीला मी गुरुजींच्या वर्गात होते. निवृत्त झाल्यावर बाकीचे मास्तर पतसंस्थेच्या ओट्यावर पेपर वाचत बसतात, हे गृहस्थ यात्रा काढायला लागले. दरवर्षी मे महिन्यात, कांदा-गहू निघून माणसं मोकळी झाली की एक बस भरून बद्री-केदार. पंचवीस दिवसांची यात्रा. ना पाटी, ना ऑफिस, ना जाहिरात. देवळाच्या फळ्यावर खडूने एक ओळ लिहायचे, 'हिमालय. इच्छुकांनी भेटावे.' तेवढ्यावर बस भरायची.

भेटायला जाणं मात्र सोपं नव्हतं. गुरुजी आधी पाय बघायचे. 'चप्पल काढा' म्हणायचे, टाचा तपासायचे, मग पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन या म्हणून पिटाळायचे. बूट नसतील तर नाव लिहायचे नाहीत. नऊवारी लुगडं आणि खाली पीटीचे पांढरे बूट, अशा पंचवीस-तीस म्हाताऱ्या मेच्या पहिल्या आठवड्यात सरावासाठी प्रवरेच्या पुलावरून ये-जा करताना दिसायच्या. तालुक्याहून आलेली माणसं गाडी थांबवून बघत राहायची.

बसमध्ये हजेरी. सकाळी निघताना, जेवणानंतर, प्रत्येक थांब्यावर. आजी, मावशी, अण्णा असलं काही नाही, पूर्ण नाव. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. समोरून 'हजर' आलं पाहिजे. हात वर केला तर चालायचं नाही. पासष्ट वर्षांच्या एका सासूबाई मथुरेत बांगड्या घेत राहिल्या आणि दहा मिनिटं उशिरा आल्या, तर त्यांना पुढच्या गावापर्यंत मागच्या बाकावर पाठवलं होतं. तो मागचा, चाकावरचा बाक एरवी गुरुजींचा स्वतःचा. जो माणसं घेऊन जातो त्याने धक्के आधी खायचे, असं त्यांचं म्हणणं. आणि परतीच्या वाटेवर तोंडी परीक्षा. अलकनंदा कुठे भागीरथीला मिळाली, कुठल्या गावी ताक प्यालो, कोणत्या देवळात उजवीकडून शिरलो. ज्याला येत नसेल त्याला शेजारच्याने सांगायचं नाही. लोक चिडायचे, पण पुढच्या वर्षी त्यांचेच भाऊ आणि जावा बूट घेऊन दारात उभ्या.

स्वयंपाकाला पाथर्डीकडचं एक जोडपं असायचं. ऊसतोडीचा हंगाम संपला की ते कोयता ठेवून झारा हातात घ्यायचे. बस चालवायला भिंगारचे एक निवृत्त लष्करी ड्रायव्हर, घाटात झोप लागली तरी गाडी सरळ जाईल असा हात. दोन स्टोव्ह, पिठाची पोती, चटणीचे डबे बसच्या टपावर. कधी कुठे पोचायचं हे ठरलेलं नसायचं. पाऊस लागला तर दोन दिवस मुक्काम, कुणाला ताप आला तर तीन. आमच्या भागात अशा सात-आठ यात्रा निघायच्या. कुणाचा पोट भरायचा धंदा, कुणाची हौस, पण चालायचं.

गुरुजींचं एक वेड सगळ्यात मोठं होतं, ते म्हणजे रांग. दर्शनाला, पाण्याला, संडासाला, कुठेही आपला माणूस रांग मोडून पुढे गेला तर त्याचा कान धरून परत आणायचे. 'रांगेतल्या माणसावर अन्याय होत नाही,' हे त्यांचं आवडतं वाक्य. झाला तरी त्यांना तो दिसायचा नाही, असं मी तेव्हाही म्हणायचे.

म्हणूनच वरच्या यात्रेला ई-पास लागणार, घरबसल्या नोंदणी करायची, प्रत्येक धामाची तारीख आधी घ्यायची, असा नियम आला तेव्हा बाकीचे यात्रावाले कपाळाला हात लावून बसले आणि आमचे गुरुजी खूश. माझ्या दुकानात येऊन म्हणाले, आता धनदांडगे मागून पुढे घुसणार नाहीत, मशीन कुणाचा पाहुणा नसतं, शिस्त आली. पेढे आणले होते. मी तो पेढा खाल्ला याचा मला अजून राग येतो.

काय शिस्त आली ते सांगते. नोंदणी सकाळी उघडायची आणि माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरचं ते चाक गरगर फिरत असताना त्या दिवशीचे सगळे पास संपायचे. आमच्या आजीबाईंना मोबाईल नाही, ओटीपी येणार कुठे? माझ्या मोबाईलवर. एका माणसाचं नाव, आधार, ओटीपी, आजार आहेत का, घरी कुणाला कळवायचं, हे भरेपर्यंत पाच मिनिटं. शेहेचाळीस माणसं. तिकडे मोठ्या शहरातल्या काचेच्या ऑफिसांत दहा-दहा पोरं हेच काम करायला बसवलेली. त्यांना पास मिळायचे, आम्हाला उरलंसुरलं. तारीख चुकली तर पास बाद, म्हणजे कुणाला ताप आला तरी त्याला तापासकट पुढे न्यायचं. दोन वर्षांत आमच्या भागातल्या बाकीच्या यात्रा बंद पडल्या. लोक त्या काचेच्या ऑफिसांकडे वळले. तिथे पुरणपोळी नसते, पण पास असतो. पाथर्डीचा स्वयंपाकी मला म्हणाला होता, "बाई, आता यात्रंला मान्सं न्हाई जात, मोबाईल जात्यात. मोबाईलला काय भाकर लागती व्हय?" तो आता हंगाम संपल्यावरही कारखान्याच्या बाजूला राहतो, वीटभट्टीवर.

तरी गुरुजींनी हट्टाने यात्रा चालू ठेवली. तिसऱ्या वर्षी आम्ही आठ दिवस पहाटे दुकान उघडून सगळे पास मिळवले. त्याच यात्रेत सिंधुबाई होत्या. दोन्ही.

आता हे नीट सांगितलं पाहिजे. नगर जिल्ह्यात दगड उचलला तर खाली भाऊसाहेब निघतो. आमच्या गल्लीत एकाच भावकीतले दोन चुलतभाऊ, दोघंही भाऊसाहेब, आणि दोघांच्याही बायकांची नावं सिंधुबाई. थोरल्या सिंधुबाईंची बागायत जमीन, आवाज मोठा, काशी करून आलेल्या. धाकट्या सिंधुबाई अंगाने काटकुळ्या, जन्मभर दुसऱ्याच्या रानात कांदे काढलेल्या. चाळीस वर्षं एकीचं पत्र दुसरीकडे जायचं आणि पोस्टमन दुसऱ्या दिवशी हसत बदलून द्यायचा. रेशनवाला, डॉक्टर, दूधवाला, सगळ्यांना कुठली सिंधुबाई कोण ते कळायचं. कळण्यासाठी फक्त मान वर करून बघावं लागायचं.

धाकट्या सिंधुबाईंना काचबिंदू झाला होता. एक डोळा गेलेला, दुसऱ्याचं नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की वर्ष, फार तर दीड वर्ष. फॉर्म भरताना मी विचारलं, एवढ्या लांब, एवढ्या थंडीत कशाला? तर म्हणाल्या, "देव काय बेलापुरातबी हाय. मला त्यो बर्फ बघायचाय, डोंगरावर पसरल्याला. फ्रीजमदला बघितलाय मी. त्यो नुसता ढेकळावानी असतोय." बघायचं राहून जाऊ नये म्हणून पहिला डोळा गेल्यापासून त्यांनी दोन वर्षं एकेक नोट बाजूला टाकली होती. पांढरे बूट मला दाखवले, डाव्यात घातलेली कापसाची घडीसुद्धा दाखवली.

आणि दोघींची जन्मतारीख एकच. एक जून, साल तेच.

हा गुरुजींचा प्रताप. शाळेत पोर दाखल करायला आई-बाप यायचे, जन्म कधीचा विचारलं तर सांगायचे, पेरण्या चालू होत्या तेव्हाचा, नाहीतर म्हैस व्यायली त्या सालचा. शाळा जूनमध्ये उघडते, पोर सहा वर्षांचं पाहिजे, म्हणून मास्तर बिनदिक्कत एक जून लिहायचे. गावोगावच्या मास्तरांनी हेच केलं. माझी जन्मतारीख एक जून आहे आणि आई सांगते की मी दिवाळीत झाले. पण गुरुजी तेवढ्यावर थांबले नाहीत. गावात आधार कार्डाचा कॅम्प आला तेव्हा शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांसाठी ते टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले. मशीनवाला जन्मतारीख विचारायचा, बाई गुरुजींकडे बघायची, गुरुजी तिच्या तोंडाकडे बघून साल ठरवायचे आणि म्हणायचे, एक जून. निम्मं गाव त्यांनी एका दिवशी जन्माला घातलं. त्या दिवशी दोन्ही सिंधुबाई पाठोपाठ उभ्या होत्या.

नाव तेच, तारीख तीच, गाव तेच, मोबाईल नंबर माझा तोच. मशीनने एवढंच बघितलं आणि ठरवलं की एकाच बाईने दोनदा नोंदणी केली आहे. आधारचे नंबर वेगळे होते, पण तिथपर्यंत जायची त्याला गरज वाटली नसावी. धाकट्या सिंधुबाईंचा पास 'दुबार' म्हणून रद्द झाला. तसा मेसेज मला आला होता. शेहेचाळीस माणसांचे मिळून शंभराच्या वर मेसेज माझ्या मोबाईलवर आले होते, त्यात तो मी वाचला नाही. ही माझी चूक आहे, ती मी नाकारत नाही.

त्या वर्षी मीही बसमध्ये होते. गुरुजींनी फर्मान काढलं होतं की फॉर्म तू भरलेस, वाटेत कुणी प्रश्न विचारला तर उत्तर तूच द्यायचं.

वरच्या रस्त्याला लागण्याआधी एक चौकी होती. लोखंडी आडवा दांडा, पलीकडे चढाची वाट, एका खोलीत दोन पोरं पासवरचा चौकोन मशीनने टिपत बसलेली. हिरवा दिवा लागला की पुढे. थोरल्या सिंधुबाईंचा नंबर यायच्या आधीच मी माझ्या मोबाईलवर सगळे पास पुन्हा बघत होते आणि मला तो लाल शिक्का दिसला. मी खिडकीवर जाऊन विचारलं. पोरगा म्हणाला, दुबार आहे, रद्द झालाय, नवी नोंदणी करा. नवी तारीख नऊ दिवसांनंतरची होती. मी म्हटलं, अरे बाबा, या बघ दोन बायका, समोर उभ्या आहेत. त्याने बघितलं नाही. त्याने पडदा बघितला.

थोरल्या सिंधुबाईंना हिंदी येत नव्हती, पण माझं तोंड बघून त्यांना सगळं कळलं. त्यांनी माझ्या हातून दोघींच्या छापील पासांचे कागद घेतले, स्वतःचा चांगला पास धाकटीच्या हातात कोंबला आणि हळूच म्हणाल्या, "तू जा. मी काशी बघितलीय. मी हितं बसून वाती वळते." पास तोच, नाव तेच, जन्मतारीख तीच. अंगठ्याएवढ्या फोटोत दोघींचे पदरच तेवढे दिसत होते. धाकट्या सिंधुबाई नको नको म्हणत पुढे गेल्या. मशीन वाजलं, हिरवा दिवा लागला, त्या वाकून दांड्याखालून पलीकडे गेल्या. दहा-बारा पावलं चढल्या असतील. मी सुटकेचा श्वास सोडला.

आणि तेवढ्यात मागून गुरुजींनी त्यांचं पूर्ण नाव घेतलं, हजेरीत घ्यायचे तसं. इतक्या दिवसांची सवय. सिंधुबाई जागच्या जागी वळल्या, 'हजर' म्हणाल्या आणि परत आल्या.

मी गुरुजींच्या दंडाला धरलं. त्यांना बाजूला घेऊन हात जोडून सांगितलं की गुरुजी, मिटलंय, गप्प राहा. ते म्हणाले, हे मिटलेलं नाही, ही कॉपी आहे. एकीचा हक्क दुसरीने का सोडायचा? दोघी खऱ्या आहेत, दोघींनी जायचं. चूक माझी आहे, मी सांगतो, माणसं आहेत ती, त्यांना कळेल. खिशातून कागद काढला, मांडीवर धरून शुद्ध हिंदीत अर्ज लिहिला. मी निवृत्त शिक्षक, या दोन्ही भगिनींची जन्मतारीख मी अंदाजे सांगितली होती, त्यामुळे घोटाळा झाला, यात त्यांचा दोष नाही, तरी दोघींना प्रवेश मिळावा. खाली सही, तारीख, पूर्ण पत्ता.

पोराने तो अर्ज आत साहेबाकडे नेला. साहेब बाहेर आला, गुरुजींना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "आपने खुद लिखके दिया है कि जन्मतिथि झूठी है. झूठी जानकारी पर पास नहीं चलता." आणि थोरल्या सिंधुबाईंचा चांगला पाससुद्धा रद्द केला.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. साहेबाने आमची सगळी यादी मागवली. शेहेचाळीसपैकी एकतीस माणसं एक जूनची. त्याला वाटलं बोगस टोळीच सापडली. सगळी बस अडवली. शेवटी भिंगारचे ड्रायव्हर खाली उतरले आणि लष्करी हिंदीत दोन तास त्याच्याशी बोलत राहिले, तेव्हा कुठे त्या दोघींना वगळून बाकीच्यांना सोडलं. आमची तारीख त्याच दिवसाची होती, थांबलो असतो तर शेहेचाळीसच्या शेहेचाळीस बाद. गुरुजी म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, चूक माझी आहे, मी यांच्याजवळ थांबतो, खिडकीवर रोज थोडे शिल्लक पास देतात म्हणे, रोज रांगेत उभा राहतो, नंबर लागेल.

मी वर गेले. बर्फ बघितला. एक क्षणही गोड लागला नाही.

चार दिवसांनी खाली आलो तर तिघंही चौकीजवळच्या धर्मशाळेच्या ओसरीवर. गुरुजी रोज पहाटे खिडकीपुढे रांगेत पहिले उभे राहत होते आणि रोज खिडकी उघडली की पास संपलेले असत. कारण ते खिडकीतून मिळतच नव्हते. चौकीसमोरच्या चहाच्या टपरीवर एक जॅकेटवाला बसलेला असायचा. त्याच्याकडे होते. आजच्या, उद्याच्या तारखेचे, कोऱ्या नावाचे, हवे तितके. एका मोठ्या यात्रा कंपनीचा माणूस म्हणे. खिडकीत नाहीत आणि टपरीवर आहेत, हे चौकीवाले, पोलीस, खेचरवाले सगळे बघत होते. यासाठी आमच्या गुरुजींनी पेढे वाटले होते.

मी पर्स उघडली. गुरुजींनी माझा हात धरला आणि म्हणाले, रांगेत उभं राहून मिळेल तेच घ्यायचं. उद्या मिळेल.

तिथे मी पहिल्यांदा आणि शेवटचं त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, "उद्या बसचं परमिट संपतंय गुरुजी. आणि तुमचं तत्त्व तुम्ही तुमच्या जिवावर पाळा. हे डोळे तुमचे नाहीत."

गुरुजींचा हात सैल झाला. मी सिंधुबाईंकडे वळले आणि विचारलं, घेऊ का पास? त्यांनी गुरुजींकडे बघितलं. जन्मतारीख सांगताना बघितलं असेल तसंच. म्हणाल्या, "गुरुजी म्हन्तील तसं."

गुरुजी काही म्हणाले नाहीत. जॅकेटवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. समोरच्या डोंगराला ढग लागलेले होते, खालून पांढरं काही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर त्या वर्षी कुणाची तोंडी परीक्षा झाली नाही आणि गावात आल्यावर देवळाच्या फळ्यावर पुन्हा कधी 'हिमालय' लिहिलं गेलं नाही.

मी तेव्हापासून विचार करत आले आहे की माझा राग नेमका कोणावर आहे. मशीनवर रागावून काय उपयोग. पण मशीन आणून बसवणाऱ्यांना एक पोस्टमन ठेवता आला नसता का, जो मान वर करून बघेल? खोटं बोलून जाणारे वर पोचतात, खरं लिहून देणारा खाली राहतो, असली चाळणी कोणी विणली? आणि गुरुजी, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना शहाणं केलं, त्यांना एवढं कळू नये की समोर माणूस नाही हे बघितल्यावर माणसाशी बोलतो तसं बोलायचं नसतं? दशक्रियेच्या भाषणात हे कोणी म्हणालं नाही, म्हणून मी इथे म्हणते.

शेवटचं एक सांगायचं राहिलं. आम्ही परत आल्यावर दीड महिन्याने माझ्या मोबाईलवर मेसेज आला. 'सिंधुबाई, यात्रा यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. आपले प्रमाणपत्र डाउनलोड करा.' हिरवा दिवा लागला त्याची नोंद एका ठिकाणी झाली असेल, पास रद्द झाल्याची दुसऱ्या ठिकाणी. एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ते छापून गुरुजींच्या पुढ्यात नेऊन टाकलं, म्हटलं, हे घ्या, तुमच्या शिस्तीचं फळ. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मला वाटलं फाडतील. ते म्हणाले, तिच्या नावाने काय लिहिलं गेलंय ते तिला कळलं पाहिजे, आणि बूट घालून निघाले. मीही मागोमाग गेले.

धाकट्या सिंधुबाई अंगणात लसूण सोलत बसल्या होत्या. डॉक्टरांनी वर्ष सांगितलं होतं, त्याच्या आधीच दुसरा डोळाही जवळजवळ गेला होता. उजेड-अंधार तेवढा कळायचा. गुरुजींनी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, काय लिहिलंय विचारलं. गुरुजींनी अभिनंदनापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. चारच ओळी होत्या, वर देवळाचं एक चित्र.

"बर्फाचं काय लिव्हलंय?" सिंधुबाईंनी विचारलं.

गुरुजी थांबले. मग म्हणाले, लिहिलंय. आणि त्या चार ओळींच्या कागदाकडे बघत ते वाचायला लागले. पहाटे तो पांढरा नसतो, निळसर असतो. ऊन आलं की डोळ्यांना सोसत नाही, पदर ओढावा लागतो. बूट टेकला की जाडं मीठ चिरडल्यासारखा आवाज येतो. वितळतो तिथे काळा चिखल होतो आणि खेचरं घसरतात, पण वरच्या अंगाला जिथे कुणी पाय ठेवलेला नसतो तिथे तो धुतलेल्या धोतरासारखा पडलेला असतो, आणि वारा आला की त्याची भुकटी उडते, ती ओठावर बसते आणि तिला कसलीच चव नसते. पंधरा मिनिटं वाचत होते. कागद एकदाही उलटला नाही. मी हा माणूस खोटं बोलताना पहिल्यांदा बघत होते आणि माझे डोळे भरून आले होते, पण राग गेला नव्हता.

सिंधुबाई लसणाची पाकळी हातात तशीच धरून ऐकत होत्या. गुरुजी थांबल्यावर त्यांनी ती सोलून बाजूला टाकली. मग शांतपणे म्हणाल्या, "एवढं समदं ठाव हुतं तुमाला, गुरुजी. मंग त्या दिशी गप का न्हाई बसला?"

गुरुजींनी कागदाची घडी केली आणि तिथेच बसून राहिले. सिंधुबाई उठल्या आणि आमच्यासाठी चहा ठेवायला भिंत चाचपत आत गेल्या.